होणाऱ्या जावयाचं ॲप

पायल : आणि हे नाव कोणाचं आहे, काकू?

उत्तरा : कुठे? चष्मा लावू दे.

पायल : हे बघा, तुमचं ॲप. वर मोठं लिहिलंय ‘पोळीघर, डोंबिवली’. आणि खाली बारीक अक्षरात, साकेत लिमये.

उत्तरा : त्यानेच बनवलंय ना ते.

पायल : बनवणारा वेगळा आणि मालक वेगळा. घर बांधलं म्हणून आपण सातबारा गवंड्याच्या नावावर करतो का?

उत्तरा : मालक मी आहे. अकरा वर्षं पोळ्या लाटतेय मी.

पायल : पोळ्यांच्या तुम्ही मालक. ॲपचा मालक तो. कोड त्याच्याकडे, सर्व्हर त्याच्या नावावर, गिऱ्हाइकांचे नंबर त्या सर्व्हरवर. पासवर्ड बदलायचा म्हटलं तर ओटीपीसुद्धा त्याच्याच मोबाइलवर जातो. मला काम द्यायला तुम्ही डोंबिवलीहून ठाण्यात माजिवड्यापर्यंत आलात, पण मी हात कशाला लावू? काही करार, काही कागद?

उत्तरा : नाही.

पायल : साधा ईमेल?

उत्तरा : अगं, जावयाकडून कागद करून घ्यायचा का?

पायल : जावई आहे?

उत्तरा : होणार होता. आमच्या क्षिप्राचा साखरपुडा झाला होता त्याच्याशी. बैठकीतच म्हणाला, ‘आई, पोळीघराचं ॲप माझ्याकडून.’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पैसे देऊ केले तर रुसला. आता त्या मुलाला म्हणू का, आधी स्टॅम्पपेपर आण? भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही.

पायल : आणि लग्न?

उत्तरा : मोडलं. मार्गशीर्षात. क्षिप्रानेच मोडलं. कारण विचारलं तर म्हणे, आई, गुदमरायला होतं. आता हे काय कारण झालं? मुलगा निर्व्यसनी, चांगली नोकरी, दिवसातून चार वेळा फोन करून जेवलीस का विचारणारा. आमच्या ह्यांनी तीस वर्षांत एकदा विचारलं असेल.

पायल : हं. ॲप त्यानंतर पण चालू ठेवलं त्याने?

उत्तरा : ठेवलंय. पण परवा मेसेज आलाय. सर्व्हरची मुदत एकतीस तारखेला संपतेय, पुढे काय करायचं ते बोलू या. म्हणून तर तुझ्याकडे धावत आले.

पायल : मी नवीन ॲप तीन आठवड्यांत उभं करून देईन. पण गिऱ्हाइकं कुठून आणणार? नंबर कुठे लिहून ठेवलेत?

उत्तरा : नाहीत. पूर्वी स्टेशनजवळ गाळा होता, लोक घरी जाताना पोळी-भाजी घेऊन जायचे. ॲप चालायला लागलं तसा गाळा सोडला. आता चारपर्यंत ऑर्डर येते आणि सातला डबा घरपोच. साडेसातशे घरं आहेत बाई. कुणाला तेल नको, कुणाला दात नाहीत म्हणून पोळी मऊ हवी, सगळं त्यातच टिपलेलं. सगुणा आणि सात जणी त्या चार वाजताच्या यादीवर कणीक मळतात. यादी आली नाही तर त्या घरी.

पायल : मग एकच रस्ता. फोन लावा त्याला. सगळं तुमच्या नावावर करून दे म्हणावं. मनात आणलं तर अर्ध्या तासाचं काम आहे.

उत्तरा : अडला हरी... लावते. तू बोलू नकोस हं, नुसतं ऐक.

(फोन स्पीकरवर.)

साकेत : बोला आई! किती दिवसांनी आवाज ऐकला. गुडघा कसा आहे?

उत्तरा : बरा आहे. साकेत, आता काकू म्हण मला.

साकेत : सवय आहे हो. जाईल हळूहळू.

उत्तरा : ते ॲपचं काम होतं. तुझ्यावर किती दिवस भार टाकायचा? ते माझ्या नावावर करून दे. काय खर्च असेल तो सांग, आज पाठवते.

साकेत : पैशांचा विषयच काढू नका. मी कधी मागितले? करून देईन ना. उद्यासुद्धा.

उत्तरा : खरंच? देव तुझं भलं करो रे.

साकेत : फक्त एकदा क्षिप्राने येऊन बसावं. तासभर. तिच्यासमोर लॅपटॉप उघडतो आणि सगळं देऊन टाकतो.

उत्तरा : तिचं काय काम? मी येते की.

साकेत : तुम्हाला त्यातलं कळणार नाही. आणि मला तिच्याशी जरा बोलायचंय. माझा फोन उचलत नाही ती. मी काय वाईट केलं, एवढंच विचारायचंय. हा माझा हक्क नाही का?

उत्तरा : ती नाही आली तर?

साकेत : मग मी तरी काय करू? एकतीसला सर्व्हर आपोआप बंद होईल. मला वाईट वाटेल हो. त्या सगुणाबाई वगैरे, सगळ्यांची पोटं आहेत त्यावर.

उत्तरा : हो रे. तीच तर काळजी आहे.

साकेत : म्हणून म्हणतो. तासाभराचा प्रश्न आहे.

उत्तरा : तासभर... बरं. सांगते मी तिला. माझ्यासाठी येईल ती, नाही म्हणणार नाही.

साकेत : थँक्यू, आई. शनिवारी ठेवू. कॅफे मी ठाण्यातच बघतो. घोडबंदरहून निघाली की वीस मिनिटांत पोचेल.

उत्तरा : घोडबंदर कुठून काढलंस?

साकेत : म्हणजे... तिथे राहते ना आता?

उत्तरा : कोण म्हणालं तुला?

साकेत : कोणीतरी बोललं. मित्रांमध्ये विषय निघतोच.

उत्तरा : कुठल्या मित्रांमध्ये?

साकेत : आता नाव कसं आठवणार? सोडा ना. शनिवारी नक्की?

उत्तरा : कळवते. ठेवते आता, कुकर लावलाय.

पायल : काकू, पाणी प्या.

उत्तरा : लग्न मोडल्यावर ती घोडबंदरला खोली घेऊन राहिली. पत्ता मला आणि तिच्या बाबांना, बस. सख्ख्या आत्याला सांगितला नाही तिने. मैत्रिणींनासुद्धा नाही. मला वाटायचं, एवढी काय ही लपवाछपवी.

पायल : तिच्या फोनमध्ये तुमचं ॲप आहे?

उत्तरा : आहे की. डबे कुठवर पोचले ते रोज तीच बघते.

पायल : तुमचा फोन द्या जरा. हं. हे वाचा.

उत्तरा : ‘लोकेशन. नेहमी परवानगी.’ म्हणजे?

पायल : म्हणजे ॲप बंद असलं, फोन पर्समध्ये असला, तरी माणूस कुठे आहे ते सर्व्हरला कळतं. चपात्या मागवायला हे लागत नाही. पत्ता टाकला की झालं. कोड बघितल्याशिवाय मी शपथेवर सांगणार नाही. पण घोडबंदर त्याला दुसरं कोण सांगणार?

उत्तरा : माझ्या ॲपमधून. माझ्या नावाच्या ॲपमधून माझ्याच मुलीवर... आणि मी आत्ता तिला त्याच्यापुढे नेऊन बसवायला निघाले होते.

पायल : नाही बसवलंत ना.

उत्तरा : हो म्हणून झालं होतं माझं. तू ऐकलंस की.

पायल : काकू, डोकं शांत ठेवा. त्याला संशय येऊ द्यायचा नाही. एकतीसपर्यंत ॲप चालू आहे. तोवर रोजच्या ऑर्डरींतून नंबर हाताने उतरवून घेऊ. निम्मे तरी मिळतील.

उत्तरा : आणि तोवर त्या साडेसातशे घरांतल्या पोरीबाळी? त्यांच्याही पर्समध्ये हेच आहे ना?

पायल : आहे.

उत्तरा : सगळ्यांना एकदम सूचना पाठवायचं बटण आहे माझ्याकडे. दिवाळीच्या फराळाची पाठवते ना, तेच. लिही तू. ‘ॲप काढून टाका. पोळी हवी असेल तर या नंबरवर फोन करा.’ खाली माझा नंबर घाल.

पायल : ते बघितलं की तो पाच मिनिटांत सगळं बंद करेल. उद्या चार वाजता यादी येणार नाही. आणि किती लोक फोन करतील, देव जाणे.

उत्तरा : माहीत आहे.

पायल : सगुणाबाईंना काय सांगणार?

उत्तरा : खरं ते सांगेन. तिलाही दोन मुली आहेत. पण थांब, लगेच पाठवू नकोस. आधी घरच्या मुलीला सांगू दे.

पायल : क्षिप्राला म्हणावं, ॲप काढायच्या आधी या सेटिंगचा फोटो काढून ठेव. घोडबंदरचं तो फोनवर काय बोलला, ते तुम्ही पण आजच लिहून ठेवा. पोलिसांत लागेल.

उत्तरा : हॅलो, क्षिप्रा? कामात आहेस? असू दे, ऐक. आपल्या ॲपचं लोकेशनचं सेटिंग उघड, त्याचा फोटो काढ आणि मग ॲप फोनमधून काढून टाक. आत्ताच्या आत्ता... हो, पोळीघरचं... नाही गं, बिघडलेलं नाही. त्याला तू कुठे राहतेस ते माहीत आहे. आत्ता त्याच्याच तोंडून ऐकलं मी. तू म्हणाली होतीस ना, मी कुठे जाते ते त्याला कसं कळतं? आणि मी तुलाच वेड्यात काढलं होतं. चुकलं माझं. हॅलो? बोल ना काहीतरी. क्षिप्रा?

पायल : कट झाला?

उत्तरा : नाही. रडतेय.