कुळथे सरांना श्रद्धांजली

मंडळी, ऐका! माणूस देताना हात मागे का घेतो? कंजूष असतो म्हणून? मलाही तसंच वाटायचं. नीट सांगता येईल की नाही कोण जाणे — पण ऐका!

ओजस भुसारे. विद्यापीठात भूशास्त्र शिकला, नवी नोकरी लागली. स्वभाव इतका लाजरा, की बसमध्ये 'उतरायचंय' म्हणवायचं नाही — पुढच्या स्टॉपवरून चालत यायचा! त्याला कळलं, यंदा विभागाची अभ्याससहल पैशांअभावी रद्द होतेय. ज्या सहलीने त्याला खडकांचं वेड लावलं, तीच!

विभागातून निवृत्त झालेले कुळथे सर त्याला म्हणाले, "तुमच्या बॅचमधल्या निम्म्यांनी रविवार संध्याकाळपर्यंत द्यावं, कितीही द्यावं. उरलेला खर्च माझा. निम्मे झाले नाहीत, तर मीही देणार नाही."

मागायचं कोणी? ओजसने! सरही असलेल्या बॅचच्या ग्रुपवर त्याने लिहिलं — "आपले कुळथे सर! आपल्याला दगड वाचायला शिकवणारे..." आणि लिहीतच गेला. मागणं आलं पार तळाशी. तिथवर जातो कोण? तुम्ही जाता?

शर्वरी ढमालेने वरची ओळ वाचली आणि टाकलं — 'भावपूर्ण श्रद्धांजली!' झालं! रांग लागली. एकाने तर सरांच्या फोटोपुढे समई लावून त्याचं चित्र ग्रुपवर टाकलं.

रविवारी दुपारी सरांचा फोन.

"ओजस, समई छान आहे रे. मी चहा घेतोय."

"सर, माफ करा—"

"ते राहू दे. पैसे किती जणांनी दिले?"

"मी एकट्याने."

"आणि श्रद्धांजली?"

"सगळ्यांनी, सर."

"बरं. मग संध्याकाळी सहल रद्द." फोन बंद!

मग ओजसने काय केलं? आयुष्यात पहिल्यांदा त्याने अख्ख्या ग्रुपला फोन लावला!

"सर जिवंत आहेत. सहल मात्र संध्याकाळी रद्द होतेय. मी शंभर रुपये दिलेत. जास्त जमले नाहीत."

शर्वरी म्हणाली — "ए भुसाऱ्या, शंभर चालतात? विद्यापीठाने मागितले होते रे मागे. एवढ्याशासाठी नाव द्यायची लाज वाटली. म्हटलं, पगार वाढला की देऊ."

"माझंही तेच!" "आणि माझं!"

दिवस मावळायच्या आत निम्म्यांहून जास्त झाले. सरांनी ग्रुपवर लिहिलं — 'सहल निघणार. समई विझवा.'

मंडळी, यांत कंजूष कोण होतं? कोणीच नाही! आपलं थोडं दिसेल, एवढीच भीती. मागे बसलेल्या तरुणांनो, तुमचा पगार वाढेल — वाढो! पण यंदाची पोरं तोवर वर्गात बसून राहतील का?

कीर्तनात फोन काढू नका, असं दर वेळी मीच सांगतो. आज काढा. विठ्ठलाचं नाव घ्या, आणि जिथे शिकलात तिथे शंभर पाठवा.

पाठवा. तोवर मी थांबतो.