खडक घासताना

सून: नळाखाली नका धरू! आई, थांबा, तो दगड नळाखाली नका धरू.

सासूबाई: अगं, नुसता खळबळून घेत होते. केवढा बुळबुळीत झालाय बघ.

सून: नळाच्या पाण्यानं त्याच्या आतले जिवाणू मरतात. माशांच्या टाकीतली घाण तेच पचवतात. मी टाकीतलंच पाणी काढून ठेवलंय. निळ्या बादलीत घासायचं, पांढरीत विसळायचं.

सासूबाई: खाऱ्या पाण्यानंच धुवायचं म्हण की. बरं बाई. मला वाटलं, दगड म्हणजे दगड.

सून: सांगितलं होतं मी तुम्हाला.

सासूबाई: सांगितलं असशील. तू या घरात होतीस तेव्हा तू सांगायचीस आणि मी मान डोलवायचे. घटस्फोट झाला, तू गेलीस, टाकी माझ्या गळ्यात पडली, तेव्हा कळलं की आपण एक अक्षर ऐकलेलं नाही.

सून: गळ्यात कशी पडली? दुकानवाला न्यायला तयार होता. माझ्या खोलीला तीन जिने आहेत, तिथे ही चढली नसती, नाहीतर मीच नेली असती.

सासूबाई: माझा लेकही तेच म्हणाला. बदलीच्या गावी बिऱ्हाड हलवताना म्हणाला, विकून टाक ही ब्याद. मीच नको म्हटलं. दोन वर्षं झाली आता. घरात हलतं-बोलतं काहीतरी हवं ना. बोलत नाहीत मेले, पण हलतात तरी.

सून: दिवसातून किती वेळा खायला घालता?

सासूबाई: सकाळी घालते. मग मी जेवते तेव्हा. आणि चहाला.

सून: चहाला?

सासूबाई: काचेशी येऊन आ वासतात गं. समोर कुणी तोंड उघडून उभं असताना आपल्या घशाखाली घोट उतरतो का?

सून: ती त्यांची सवय आहे, भूक नव्हे. उरलेलं कुजतं आणि त्यावर हे शेवाळ माजतं. दिवा किती वेळ चालू असतो?

सासूबाई: असतो आपला.

सून: किती वेळ, आई?

सासूबाई: उठल्यापासून झोपेपर्यंत. मी दुसरा दिवाच लावत नाही हॉलमध्ये. तो निळा उजेड बरा वाटतो डोळ्यांना.

सून: म्हणजे पंधरा-सोळा तास. आणि आटलेलं पाणी नळाचं भरता.

सासूबाई: मग कुठलं भरू? समुद्र कुठे उशाशी आहे माझ्या?

सून: गाळलेलं, फिल्टरचं. तो नारिंगी कॅन त्याच्यासाठीच होता.

सासूबाई: त्यात मी तांदूळ भरलेत.

सून: तांदूळ! (हसते.)

सासूबाई: हस. हस की मनापासून. किती दिवसांनी कुणी हसलं या घरात.

सून: इकडे बसा, स्टुलावर. पाठ दुखेल वाकून. आधी हातानं उपटून घ्यायचं, केसांतला गुंता काढतो तसं. मग ब्रश. ब्रश असा उभा धरायचा, शर्टाची कॉलर घासताना धरतो...

सासूबाई: कॉलरी घासण्यात हयात गेली माझी. ते नको शिकवूस.

सून: बरं. पण हा जांभळा भाग दिसतोय ना? त्याला ब्रश लावायचा नाही. कोरल आहे ते.

सासूबाई: म्हणजे पोवळंच ना? अंगठीतलं पोवळं लाल असतं, कडक असतं. हे तर जिभेसारखं मऊ लागतंय. मेलं का गं?

सून: कडेकडेनं गेलंय. मधे जीव आहे. शेवाळानं वरून झाकून टाकलं की त्याचा श्वास कोंडतो. आणखी महिनाभर तुम्ही फोटो पाठवला नसता तर गेलं असतं.

सासूबाई: चार महिने पाठवू-पाठवू करत होते. म्हटलं, कोणत्या तोंडानं बोलवायचं? सून नाहीस, पाहुणी नाहीस.

सून: शेवाळाचं निमित्त पुरलं की.

सासूबाई: पुरलं. किती सराईत चालतो गं हात तुझा. ते समुद्रकाठचं केंद्र, जिथून तुला बोलावणं आलं होतं, तिथेही हेच काम असायचं का?

सून: हेच. फक्त टाकीत नाही, समुद्रात. पाण्याखाली दोर बांधून त्यांवर कोरलचे तुकडे वाढवायचे, ब्रशानं शेवाळ साफ करत राहायचं, आणि मोठे झाले की उजाड झालेल्या खडकांवर नेऊन लावायचे. रोपवाटिकाच म्हणायचे ते.

सासूबाई: आणि आता काय करतेस? फोनवर म्हणालीस, नोकरी बदललीय.

सून: डेअरीच्या प्रयोगशाळेत आहे. दूध तपासते. कुणी पाणी घातलंय, किती घातलंय, ते सांगायचं.

सासूबाई: म्हणजे खोटं पकडायचं.

सून: हो ना. घरात सात महिने पकडता आलं नाही, आता महिन्याच्या पगारावर पकडते.

सासूबाई: टोचून नको बोलूस गं.

सून: तुम्हाला नाही बोलले. तुम्हाला कशाला बोलेन? नोकरी गेलेली असताना रोज डबा घेऊन ऑफिसला निघाल्याचं नाटक त्यानं केलं. वर मला म्हणाला, प्रमोशन तोंडावर आलंय, आत्ता तू दूर गेलीस तर माझं चित्त ठिकाणावर राहणार नाही. तुम्हालाही त्यानं तसंच फसवलं. म्हणून तर आले मी आज. टाकीसाठी म्हणून नाही आले, आई. या घरात माझ्याशी खोटं न बोललेलं एकच माणूस होतं.

सासूबाई: नको म्हणूस तसं.

सून: खरं तेच म्हणतेय.

सासूबाई: खरं नाही ते. ठेव तो ब्रश खाली. ठेव, बाई, नाहीतर माझ्याच्यानं व्हायचं नाही. मला माहीत होतं.

सून: काय माहीत होतं?

सासूबाई: त्याची नोकरी गेल्याचं. डोळ्यांचे थेंब आणायला गेले होते. परत येताना बघितलं, वाचनालयाच्या मागच्या पायऱ्यांवर बसला होता. सकाळचे अकरा वाजलेले, आणि मांडीवर डबा उघडलेला. मी भरून दिलेला डबा. मला बघितल्यावर झाकण लावायला लागला, तर ते लागेना त्याच्या हातानं.

सून: कधी?

सासूबाई: म्हणाला, आई, हिला सांगू नकोस, पंधरा दिवसांत दुसरी मिळवतो.

सून: कधी, ते विचारतेय मी. केंद्राचं पत्र येण्याआधी की नंतर?

सासूबाई: आधी.

सून: किती आधी?

सासूबाई: अकरा दिवस.

(सून उठते, ओले हात तसेच धरून टाकीसमोर उभी राहते.)

सून: ते पत्र घेऊन मी तुमच्याकडे स्वयंपाकघरात आले होते. त्याच्याआधी तुमच्याकडे. आठवतंय?

सासूबाई: आठवतंय. तुला उत्तर द्यायला शुक्रवारपर्यंतची मुदत होती.

सून: मी विचारलं, आई, जाऊ का?

सासूबाई: हो.

सून: आणि तुम्ही काय म्हणालात?

सासूबाई: कशाला वदवून घेतेस?

सून: म्हणा.

सासूबाई: म्हटलं, त्याचं प्रमोशन होऊ दे, मग जा. समुद्र काय कुठे पळून चाललाय?

सून: प्रमोशन नाही, नोकरीही नाही, हे माहीत असताना.

सासूबाई: माहीत असताना. तू गेलीस तर तो कोसळेल, असं वाटलं मला. तू घरात असलीस की त्याला निदान सकाळी उठून कपडे करावे लागतील. तुझ्या टेकूवर मला माझं पोर उभं करायचं होतं.

सून: आणि मी?

सासूबाई: तुझा विचारच केला नाही मी. मागाहून पुष्कळ कारणं सुचली, पण तुझ्याशी खोटं नाही बोलायचं आता. तेव्हा तुझा विचार मनात आलाच नाही.

सून: त्याच्या ऑफिसातली बाई मला दातांच्या दवाखान्यात भेटली, तिनं सांगितलं. मी इथे आले, याच खुर्चीत बसले. तुम्ही मला जवळ घेऊन माझ्याबरोबर रडलात.

सासूबाई: ते रडणं खोटं नव्हतं.

सून: नव्हतं?

सासूबाई: अगं बाई, असं कसं झालं, म्हणाले ना मी, ते तेवढं खोटं होतं. रडणं खरं होतं.

सून: आज का सांगितलंत? पाच वर्षं गप्प होतात, अजून राहिला असतात. मला कळलंही नसतं.

सासूबाई: तू शिव्या दिल्या असत्यास तर गप्प राहिले असते. कधी फोन केलास तर म्हणायचीस, आई, तुम्ही जेवलात का, औषध घेतलंत का. फोन ठेवला की मला घास जायचा नाही. मग त्यांना घालायचे, माशांना.

सून: तुम्हाला माहितीये, इतकी वर्षं मी स्वतःला काय सांगत आले? की मीच भित्री. नवरा नुसता म्हणाला आणि मी राहिले. मैत्रिणी विचारायच्या, गेली का नाहीस? मी म्हणायचे, माझ्यातच दम नव्हता.

सासूबाई: तसं नव्हतं. मी अडवलं तुला.

सून: तेवढंच असतं तर बरं झालं असतं. आता सगळं तुमच्या माथी मारून मोकळी झाले असते. पण खरं सांगू? तुम्ही नको म्हणालात ना, तेव्हा क्षणभर मला हायसं वाटलं. मला धड पोहता येत नव्हतं. अनोळखी जागा, वर्षभर एकटीनं राहायचं. तुम्ही एक वाक्य बोललात आणि मी ते धरून ठेवलं. दुसऱ्यांदा विचारलंही नाही. नकाराचं पत्र शुक्रवारची वाटही न बघता बुधवारीच टाकलं.

सासूबाई: मी जा म्हटलं असतं तर?

सून: तर घाबरत घाबरत गेले असते.

सासूबाई: आता नाही का जाता येणार? वय काय झालंय तुझं? मी टाकी विकते. तो दुकानवाला...

सून: ते केंद्र बंद पडलं. मागच्याच्या मागच्या उन्हाळ्यात समुद्राचं पाणी तापलं, दोरांवरची सगळी कोरल पांढरी पडून मेली. माणसं पांगली. कधीमधी त्यांची जुनी छायाचित्रं बघते मी. त्यात एक मुलगी असते, माझ्या जागेवर घेतलेली. चेहऱ्यावर सगळं मीठ सुकलेलं, आणि हसतेय.

सासूबाई: मी काय करू आता, सांग.

सून: दिवा दिवसातून सहा तासच लावा. खाणं एकदा, चिमूटभर. तांदूळ दुसऱ्या डब्यात काढा आणि कॅनमध्ये फिल्टरचं पाणी भरून आणा. शंखातल्या चार गोगलगायी मी दुकानात सांगून ठेवते. त्या उरलेलं शेवाळ खातील.

सासूबाई: ते नाही विचारलं मी.

सून: ठाऊक आहे.

सासूबाई: मघापासून एकदाही आई म्हणाली नाहीस.

सून: तोंडातून निघत नाहीये. मुद्दाम नाही करत मी.

सासूबाई: नसू दे. पंधरा दिवसांनी येशील? का तेही नको?

सून: शेवाळ एका घासण्यात जात नाही. पुन्हा उगवेल. यावं लागेल मला.

सासूबाई: माझ्यासाठी नको येऊस.

सून: नाहीच येणार तुमच्यासाठी. निदान इतक्यात तरी नाही.

सासूबाई: बरं. अगं, तुझे हात बघ, किती गारठलेत. चहा टाकू?

सून: नको. आधी हे दगड आत जाऊ दे, फार वेळ बाहेर राहिले तर कोरलला सोसत नाही. तो मोठा द्या. खालून धरा, दोन्ही हातांनी.

सासूबाई: हा मधे होता की कोपऱ्यात?

सून: आठवत नाही.

सासूबाई: मलाही नाही. रोज बघत होते, तरी.

सून: ठेवा मग कुठेही. हलणार नाही, एवढं बघा.