पहिल्या नंबराचं सूप

तुमसरच्या बस स्टँडवर गाडीची वाट पाहत बसलो होतो. मागच्या बाकावर बांबूची सुपं विणणाऱ्या एक काकू होत्या आणि त्यांच्या शेजारची पोरगी.

“काकू, तुमाले टीव्हीवर सूप विणाच्या स्पर्धेत पाहलं. एका घंट्यात सूप होते का जी?”

“नाई होत. घरून तयार आणाले सांगतलं होतं. सगळ्यायची सुपं एका टेबलावर ठेवली.”

“म्हणजे विणणं खोटं?”

“विणलं ना, दहा मिनिटं. मंग तिथल्या माणसानं एकेकाले तयार सूप देल्लं.”

“पहिला आला त्याचं सूप मस्त होतं पण.”

“ते माहं होतं.”

“कायच्यावरून?”

“मी डाव्या हाताची. माहा काठ उलट्या बाजूनं बांधला असते. वाटताना माहं त्याले गेलं, त्याचं मले आलं.”

“मंग बोलल्या काहून नाई?”

“बोलली ना, माईकवरच बोलली. तेवढंच टीव्हीवर नाई दाखवलं.”

“मंग त्या कार्यक्रमात खरं काय होतं, काकू?”

“सूप खरं होतं.”