पहिली पट्टी कोणाची

(डोणगावाजवळचं गाव. ओसरीवर मलमपट्टीचा डबा उघडा. फौजेत जखमींची शुश्रूषा करून निवृत्त झालेला संघपाल. समोर त्याचा मुलगा राजकुमार.)

राजकुमार : आज प्रेमलेही काऊन बलावलं?

संघपाल : त्याचीही पट्टी बदलाची हाय. हात दे.

राजकुमार : त्याच्या पॅनलनं माह्यं बोट तोडलं, अन् तो आपल्या ओसरीवर येईल?

संघपाल : तुमच्या पॅनलनं त्याची मांडी फाडली. ग्रामपंचायतीचा निकाल लागला अन् सारेच येडे झाले.

राजकुमार : गाडी माही होती, बाबा. पोलिसाच्या धाकानं बाकीचे गाड्या घेऊन पळाले, एकच मोटारसायकल उरली, तिच्यावर तुम्ही त्याले घेऊन बसले. मी तुटलेलं बोट गुलालाच्या रुमालात धरून पारावर.

संघपाल : त्याची नस तुटली होती. शेजाऱ्यानं गाडी चालवली, मी मांगून दाबून धरली म्हून दवाखान्यापर्यंत पोचला.

राजकुमार : लवकर आनलं असतं तर बोट जोडता आलं असतं, असं डॉक्टर म्हने. बंदुकीचा घोडा दाबाचं बोट. आता मले फौजेत कोन घेईल?

संघपाल : कोनी नाही.

राजकुमार : बस, एवढंच?

संघपाल : खोटं काय सांगू तुले?

राजकुमार : तुमचा तो जिनिव्हा करार लढाईसाठी हाय. ग्रामपंचायतीसाठी नाही.

संघपाल : ठाऊक हाय. जखमी आपला का दुश्मनाचा, ते पाहाचं नाही. ज्याचा जीव आधी जाईल, त्याले आधी. सरहद्दीवर एकदा त्यांच्या पोराले पहिले बांधलं. आपला शिपाई बाजूले कन्हत होता. त्यानंही असंच इचारलं होतं, मले आधी काऊन नाही.

राजकुमार : तो तुमचा पोरगा नव्हता.

संघपाल : नव्हता. म्हून त्या दिवशी मी तुह्याकडे पाह्यलंच नाही. पाह्यलं असतं तर नसेवरचा हात सुटला असता.

राजकुमार : माय म्हने, तुम्ही धड जेवून नाही राह्यले.

संघपाल : तुही माय लय सांगते.

प्रेम : काका, येऊ का? पायरीवर जरा टेकतो.

संघपाल : ये. बस तिकडं.

प्रेम : राजकुमार, गाडीची सीट धुवून देतो बे. रगताचे डाग असतीन.

राजकुमार : राहू दे. मायनं धुतली.

संघपाल : थांब प्रेम. आज पहिले राजकुमारची करतो.

प्रेम : हो काका. त्याचीच घ्या.

राजकुमार : बाबा, त्याची पट्टी रगतानं भिजली. माही कोरडी हाय.