पुण्याहून पॉझिटिव्हचा फोन

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हटलं ना, की मला आमचे बाबाच आठवतात. मी तेव्हा पुण्याला पीएचडी करत होते. उंदराच्या गर्भातल्या मूलपेशी घ्यायच्या आणि त्यांच्यातला एकच ठरलेला जीन बदलायचा, हे माझं काम. शेकडो पेशींतून एखादीतच तो बदल नेमक्या जागी बसतो. माझ्या मात्र दोन वर्षांत एकीतही बसला नव्हता. शेवटची टेस्ट मैत्रिणीवर सोपवून मी वैतागून बुऱ्हाणपूरला घरी आले.

दुसऱ्या दिवशी फोपनारला मामाकडे जाऊन परतले, तर आई देवापुढे बसलेली आणि बाबांचा चेहरा उतरलेला.

"बेटा, आधी बस," बाबा म्हणाले. "पुण्याहून तुझ्या मैत्रिणीचा फोन होता. तुझी टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणे."

"नक्की पॉझिटिव्हच म्हणाली?"

"दोनदा विचारलं मी. रडत होती बिचारी."

मी किंचाळले आणि आईला मिठी मारून चक्क नाचायला लागले. आई घाबरून बाबांना म्हणाली, "अहो, हिच्या डोक्यात गेलं वाटतं!"

"आई, मला काही झालेलं नाही! टेस्ट उंदराच्या पेशींची होती. दोन वर्षांनी जमलं एकदाचं!"

बाबा मटकन खाली बसले. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. मग हळूच म्हणाले, "मोठ्या डॉक्टरला दाखवायला उद्याची इंदूरच्या बसची तीन तिकिटं काढलीत मी."

आई म्हणाली, "मग जाऊ की. पोहे-जिलबी खाऊन येऊ."