चर्चचा कूलर

तुम्हीच सांगा, रविवारी दीड तास चालणारा कूलर बाकीचे सहा दिवस कोणाच्या कामाचा?

आमच्या चर्चचे डीकन, म्हणजे सेवेचं काम पाहणारे मनोहरभाऊ, आजारी लोकांच्या घरी भेटीला जातात. मीही सोबत असते. या मे महिन्यात आम्ही सुशीलाबाईंकडे गेलो. लकव्यानं त्यांचं एक अंग गेलेलं, वर टिनाचं छप्पर, आणि पंखा नुसती गरम हवा फेकत होता. प्रार्थना करताना माझा हात खाटेच्या लोखंडी पट्टीला लागला, तर चटकाच बसला.

शनिवारच्या सभेत मनोहरभाऊंनी विचारलं, "चर्चचा कूलर आठवडाभर सुशीलाबाईकडे ठेवू काय? दर रविवारी मीच वापस आणून देईन."

आमच्या सेक्रेटरींचा बाक नेमका कूलरसमोर आहे. ते म्हणाले, "चर्चची वस्तू बाहेर जाणार नाही. नियम आहे."

मला राहवलं नाही. "काहून नाही? त्या बाईनं जन्मभर हे चर्च झाडलं!"

"ताई, तुम्ही मधात बोलू नका. अशा रडगाण्यानं मालमत्ता सांभाळल्या जात नाही."

रडगाणं! माझ्या अंगाची आग आग झाली.

मनोहरभाऊ मात्र शांत. "सेक्रेटरीसाहेब, सुशीलाबाई चर्चची आहे ना?"

"म्हणजे काय! जुनी सभासद आहे."

"मग झालं. जे चर्चचं आहे, ते चर्चमध्येच राहू द्या."

"आता समजलं तुम्हाले!" सेक्रेटरी खूश झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उपासनेला गेलो, तेव्हा सेक्रेटरींचा बाक मागे सरकवलेला होता आणि कूलरसमोर खाटेवर सुशीलाबाई होत्या.