कर्मचारी क

(रविवारची दुपार. नोकरी करून शिकणाऱ्यांचा शनिवार-रविवारचा मनुष्यबळ विकासाचा वर्ग नुकताच सुटला आहे. फळा अजून पुसलेला नाही.)

बाई : तुम्ही कुठे निघालात? दार लोटा आणि बसा.

अधिकारी : मॅडम, प्रकल्प राहिलाय माझा, माहीत आहे. पुढच्या शनिवारी नक्की…

बाई : प्रकल्प राहू द्या. हा कागद वाचा. मोठ्याने.

अधिकारी : 'गेली सव्वीस वर्षं आपण हा विभाग घरासारखा सांभाळलात…' हे तुमच्याकडे कसं आलं?

बाई : दादाने दिलं, माझ्या सख्ख्या भावाने. तुमच्याच कारखान्यात स्टोअरकीपर आहे तो. पुढे वाचा.

अधिकारी : 'आपण पद सोडत आहात, आपला मान इथेच राहील.'

बाई : कुणाचं वाक्य हे?

अधिकारी : तुमचं.

बाई : ह्याच फळ्यावर लिहिलं होतं मी. तुम्ही केस मांडलीत, 'कर्मचारी क'. स्वेच्छानिवृत्तीच्या पत्रावर सही करत नाही, काय करावं? आणि मी शहाणी! अर्धा तास उभी राहून तुम्हाला पत्र घडवून दिलं.

अधिकारी : नाव आणि कंपनी झाकायची, हा वर्गाचाच नियम आहे ना? मी तो पाळला.

बाई : नियम त्या माणसाची अब्रू जपायला असतो! बाकीच्या बावीस जणांनी नुसती नावं बदलली. तुम्ही स्टोअर विभागाचा पॅकिंग विभाग केलात. एका मुलीचे दोन मुलगे केलेत. का?

अधिकारी : दर शनिवारी ते तुम्हाला गेटवर सोडतात. एकदा तुमचा डबा राहिला, तर वर घेऊन आले होते. त्यांच्या खिशावर आमच्या कारखान्याचा बिल्ला होता.

बाई : म्हणजे सगळं ठरवून केलंत.

अधिकारी : दोन पत्रं त्यांनी तशीच परत पाठवली होती, मॅडम. सहीशिवाय काढता येत नाही. साहेब हात धुवून मागे लागले. ह्यांची सही आणा, नाहीतर तुमची द्या, म्हणाले. मलाही घर आहे हो.

बाई : म्हणून माझं घर फोडायला निघालात?

अधिकारी : तुम्हीच म्हणालात वर्गात… 'असा एक हट्टी माणूस माझ्या घरी आहे. दरडावलं तर ढिम्म हलत नाही, मानाचे दोन शब्द बोला, लगेच पाघळतो.'

बाई : उदाहरण म्हणून म्हणाले! तुम्ही ऑफिसातलं मन मोकळं करता, म्हणून मीही घरचं बोलते. भरवशावर चालतो हा वर्ग. केसाने गळा कापलात माझा.

अधिकारी : अजून सही कुठे झालीय? मुदत उद्या अकरापर्यंत आहे. त्यांना सांगा, करू नका म्हणून. माझं व्हायचं ते होईल.

बाई : सांगितलं की! ऐकतो कुठे? सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कुणी असं लिहिलं, म्हणतो. वहिनीला दोनदा वाचून दाखवलं. लेकीला फोनवर दाखवलं. मला झेरॉक्स दिली, 'तुझ्या वर्गात दाखव, पत्र कसं लिहितात ते.'

अधिकारी : अरे देवा.

बाई : वर्गात दाखव! हसू की रडू मी?

अधिकारी : मग तेव्हाच सांगून टाकायचं होतंत, मी लिहिलंय म्हणून.

बाई : ओठांवर आलं होतं. तेवढ्यात तो म्हणाला, 'पोरी, हे लिहिणाऱ्या माणसाच्या पोटात पाप नसणार.' आणि मी पाणी प्यायला आत गेले. लाज वाटते सांगायला, पण गेले.

अधिकारी : नका सांगू मॅडम. मी साहेबांना म्हणतो, पत्रात चूक झालीय, परत घेऊ या. महिनाभर तरी ढकलता येईल. त्यांना कळणारही नाही.

बाई : वा! म्हणजे आता मीही झाकायचं?

अधिकारी : तसं नाही… पण ते तुमच्याशी पुन्हा बोलतील का?

बाई : ठाऊक नाही. तरी सांगणार. फळा पुसा तेवढा. दादा खाली उभा आहे, मला न्यायला.